६४ शब्द आणि एक लाकडी टाइल

२००७ साली कॅनडाच्या राजधानीत, ओटावातल्या एका हायस्कूलच्या वर्गात मुलांच्या लक्षात आलं, की त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी चालवलेल्या निवासी शाळांच्या वाट्याला सगळे मिळून ६४ शब्द आलेत. दीडशेहून जास्त वर्षं चाललेली व्यवस्था, तिच्यातून गेलेली सुमारे दीड लाख मुलं, आणि ६४ शब्द. सिल्विया स्मिथ या त्यांच्या शिक्षिका. त्या वर्गातून ‘प्रोजेक्ट ऑफ हार्ट’ सुरू झाला आणि पुढे देशभरच्या शाळांत गेला. कल्पना साधी आहे: निवासी शाळेत दगावलेल्या एका मुलासाठी एका विद्यार्थ्याने एक छोटी लाकडी टाइल रंगवायची. पण सहा टप्प्यांतला तो एकच टप्पा. बाकीचे पाच म्हणजे इतिहासाची ओळख, एका ठरावीक निवासी शाळेचा अभ्यास, त्या शाळेतून वाचून आलेल्या कुणाची किंवा समाजातल्या ज्येष्ठांची भेट, आजच्या एखाद्या प्रश्नावर कृती, आणि प्रदर्शन.

उपक्रम बिघडतो तो इथेच. टाइल रंगवायला मुलांना आवडतं, फोटो छान येतात, म्हणून टाइल राहते आणि बाकीचे पाच टप्पे गळून पडतात. स्कूल काउन्सिलवर (शाळेच्या पालक-समितीवर) असलेल्या, वर्गात मदतीला जाणाऱ्या किंवा कॅनडात शिक्षक असलेल्या मराठी मंडळींसाठी हे सगळं जरा तपशिलात लिहितोय. नीट केलं तर हे काम मुलांच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. उरकलं, तर मूळ रहिवाशांच्या वाट्याला आणखी एक अपमान येतो.

आधी शब्द. घरी मराठीत बोलताना गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘निवासी शाळा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वसतिगृह येतं, आश्रमशाळा येते, नवोदय विद्यालय येतं. आजी-आजोबा म्हणतात, ‘बरंच की, राहून शिकायची सोय!’ आपल्या मनात शाळा म्हणजे उद्धाराचं दार. फुले दांपत्यापासून आपण तेच ऐकत आलो. कॅनडात सरकारने आणि चर्चने मिळून चालवलेल्या या शाळांचा हेतूच मुलांना घरापासून, भाषेपासून, आपल्या माणसांपासून तोडण्याचा होता. १९२० मध्ये हजेरीची सक्ती झाली. मुलं आल्याआल्या केस कापत, घरचे कपडे काढून घेत, मायबोलीत बोललं तर शिक्षा करत, कित्येक ठिकाणी नावाऐवजी नंबराने हाक मारत. शेवटच्या शाळा बंद झाल्या १९९० च्या दशकात. म्हणून घरी सांगताना ‘निवासी शाळा’ एवढंच म्हणून थांबू नका. ‘सरकारने आईबापांकडून मुलं नेऊन जिथे ठेवली त्या शाळा’ असं पूर्ण वाक्य बोला. वाक्य लांबतं, पण समज नीट होते.

दुसरा शब्द ‘इंडियन’. १८७६ चा कायदा आजही ‘इंडियन ॲक्ट’ याच नावाने चालू आहे. जुन्या कागदपत्रांत, शाळांच्या पाट्यांवर सगळीकडे ‘इंडियन’. वर्गातलं मराठी, गुजराती, पंजाबी मूल ते वाचतं आणि म्हणतं, मी पण इंडियन. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं देऊन हे उलगडलं नाही, तर पुढचा सगळा धडा भलत्याच रुळावर जातो. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी हे तीन वेगळे समाज. १९८२ च्या राज्यघटनेतलं ३५ वं कलम तिघांना मिळून ‘अबोरिजिनल’ म्हणतं. हल्ली ‘इंडिजिनस’ जास्त चालतं. सगळ्यात चांगलं म्हणजे त्या त्या राष्ट्राचं स्वतःचं नाव: अनिशिनाबे, क्री, मोहॉक. उच्चार आधी नीट ऐकून घ्या, दहादा म्हणून बघा.

तिसरा शब्द ‘रिकन्सिलिएशन’. मराठीत ‘समेट’ म्हटलं की दोघांचंही थोडं थोडं चुकलं होतं असा वास येतो. इथे तसं काही नव्हतं. ‘सलोखा’ त्यातल्या त्यात बरा, कारण तो एकदा करून संपत नाही, राखावा लागतो. २००८ ते २०१५ या काळात निवासी शाळांची चौकशी केलेल्या ‘ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन’ या आयोगाच्या नावातही सत्य आधी आणि सलोखा नंतर येतो. मरे सिंक्लेअर अध्यक्ष असलेल्या त्या आयोगाने ९४ शिफारशी केल्या. त्यातली ६२ वी म्हणते, की निवासी शाळा आणि मूळ रहिवाशांशी झालेले करार हे विषय बालवाडीपासून बारावीपर्यंत वयाला झेपेल अशा रीतीने सक्तीने शिकवावेत. शाळेच्या बैठकीत कुणी ‘हे कशाला?’ विचारलं तर हा आकडा तोंडावर असू द्या.

आणि ‘आपण तर काल आलो, आपला काय संबंध?’ हा आपल्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न. ९४ वी शिफारस थेट आपल्यासारख्यांसाठीच आहे. तिच्यामुळे नागरिकत्वाची शपथ बदलली. जून २०२१ पासून नवा नागरिक होणारा प्रत्येक जण फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी समाजांचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार मान्य करणाऱ्या राज्यघटनेशी बांधील राहण्याची शपथ घेतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते वाक्य हात वर करून म्हटलंय. मुलाला शाळेत जे शिकवतायत ते त्या वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

आता काम. पहिली पायरी: सगळ्या कॅनडाचा इतिहास घेऊ नका. आपल्या शाळेला सगळ्यात जवळची एकच निवासी शाळा घ्या. विनिपेगमध्ये मॅनिटोबा विद्यापीठात ‘नॅशनल सेंटर फॉर ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन’ आहे. त्यांच्या संकेतस्थळावर शाळाशाळांची माहिती मिळते. ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या वर्गासाठी ती ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट. गाडीने तासाभराचा रस्ता. १८३१ मध्ये तिथे मुलं राहायला आणली, १९७० मध्ये ती बंद झाली. रोज तीच पातळ लापशी मिळायची म्हणून मुलं तिला ‘मश होल’ म्हणत. इमारत पाडायची नाही, पुरावा म्हणून ठेवायची, असं तिथल्या समाजाने ठरवलं. आज तो परिसर वुडलँड कल्चरल सेंटरकडे आहे. मुलांना ‘कॅनडात शाळा होत्या’ हे आठवडाभरात विसरायला होतं. ‘आपण ज्या रस्त्याने नायगाराला जातो त्याच्यापासून थोडं वळलं की ती शाळा’ हे विसरत नाही. तिथे मार्गदर्शकासोबत भेट ठरवता येते, पण ती सहल समजून नेऊ नका. डबे, खेळ, खरेदी त्या दिवशी नको. चौथीखालच्या मुलांना इमारतीत नेऊच नये असं माझं मत आहे.

वयाचं भान सगळ्यात महत्त्वाचं. पहिली ते तिसरीला घर सुटणं, केस कापणं, भाषा हरवणं एवढं पुरे. मृत्यू आणि अत्याचार नको. या वयासाठी फिलिस वेबस्टॅड यांच्या नारिंगी शर्टाची गोष्ट आहे. १९७३ मध्ये सहा वर्षांची फिलिस ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ मिशन शाळेत गेली. आजीने घेऊन दिलेला नवा कोरा नारिंगी शर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतला, परत मिळाला नाही. लहान मुलाला याच्यापलीकडे काही समजावून सांगावं लागत नाही.

चौथी ते सहावीला चॅनी वेनजॅक. बारा वर्षांचा अनिशिनाबे मुलगा, ऑन्टारिओतल्या ओगोकी पोस्टचा. शाळेत त्याला चार्ली म्हणत. ऑक्टोबर १९६६ मध्ये तो केनोराजवळच्या निवासी शाळेतून पळाला आणि रेल्वेच्या रुळांवरून घरच्या दिशेने चालू लागला. घर सुमारे ६०० किलोमीटर. थंडी-पावसात रुळांच्या कडेलाच दगावला. नकाशा आणि दोरा घेऊन हे अंतर मुलांना मोजायला लावा. घरी आजीला सांगायचं तर मुंबई ते पणजी, साधारण तेवढंच. तासाला ४ किलोमीटर, दिवसाला ६ तास धरले तर २५ दिवस. हे गणित मुलांनी स्वतः करावं. मात्र ‘तू चॅनी आहेस अशी कल्पना करून डायरी लिही’ असा गृहपाठ कधीही देऊ नका. मुलांचे जोडे काढून घेणं, नंबर देणं, केस कापल्याचं नाटक करणं हेही नको. ज्यांच्या घरात हे खरंच घडलं त्या मुलाला ते नाटक पुन्हा जखमी करतं, आणि बाकीच्यांना तो एक खेळ वाटतो. निवासी शाळेतून गेलेल्यांची नातवंडं, पतवंडं तुमच्या वर्गात असू शकतात आणि तुम्हाला ते माहीतही नसतं. म्हणून विषय सुरू करण्याच्या आठवडाभर आधी सगळ्या पालकांना पत्र पाठवा. एखादं मूल मूळ रहिवासी आहे हे माहीत असेल तर त्याला वर्गासमोर ‘तू सांग’ म्हणून उभं करू नका. पत्राच्या तळाशी निवासी शाळांशी संबंधित चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर छापा: १-८६६-९२५-४४१९.

सातवी-आठवीला आकडे देता येतात. डॉ. पीटर ब्राइस हे सरकारचेच वैद्यकीय अधिकारी. १९०७ मध्ये त्यांनी प्रेअरी प्रांतांतल्या ३५ शाळा पाहून अहवाल दिला. त्यांच्या प्रश्नावलीला १५ शाळांनी उत्तरं पाठवली, त्यांत १,५३७ विद्यार्थ्यांची नोंद होती, आणि त्यातले जवळपास एक चतुर्थांश दगावले होते, बहुतेक क्षयाने. यावर स्तंभालेख काढायला लावला की हमखास एक चूक होते: मुलं लिहितात, ‘दरवर्षी चारातलं एक मूल मरत होतं.’ तो आकडा शाळा सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या विद्यार्थ्यांचा आहे, एका वर्षाचा नाही. ही चूक प्रदर्शनात भिंतीवर गेली, तर नाकारायला टपलेल्या एखाद्या पाहुण्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं. खरा आकडा पुरेसा भयंकर आहे. त्याला वाढवायची गरज नाही.

आता टाइल. इथे सामानाच्या यादीपासून चुका होतात. २४ मुलांच्या वर्गासाठी २.५ सेंटिमीटर चौरस, ५ मिलिमीटर जाडीच्या, रंग-पॉलिश न केलेल्या लाकडाच्या ४२ टाइल घ्या. २४ मुलांनी रंगवायच्या, १२ कोऱ्या ठेवायच्या, ६ बिघडल्या तर. १२ कोऱ्या का? आयोगाने मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा जवळपास एक तृतीयांश नोंदींत मुलाचं नावच लिहिलेलं नव्हतं. ३६ पैकी १२ कोऱ्या टाइल दिसल्या की ती गोष्ट न बोलता कळते. माझ्या मते सगळ्या फळीवरचा सगळ्यात बोलका भाग तोच, आणि त्याला रंग लागत नाही.

टाइलच्या कडा २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडव्या घासल्या तर ओरखडे रंगातून वर दिसतात. कोऱ्या लाकडावर थेट स्केचपेन चालवलं की शाई रेषांतून पसरते आणि बारीक चित्राचा डाग होतो. शाळांत सगळ्यात जास्त टाइल याच कारणाने वाया जातात. आधी गेसोचा (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या लेपाचा) एक पातळ हात द्या, तासभर वाळू द्या, मग ॲक्रिलिक रंग आणि वरून बारीक टोकाचं पाण्याने न फुटणारं पेन. आदल्या दिवशी एका टाइलवर करून बघा. २४ तासांनी वार्निश मोठ्या माणसाने बाहेर मोकळ्यावर स्प्रेने मारायचं, पातळ दोन हात. ब्रशने मारलं तर शाई पुसटते.

चिकटवायला १२ मिलिमीटरचं प्लायवूड, २४ बाय २४ सेंटिमीटर. सहा ओळी, ओळीत सहा टाइल, मध्ये अर्धा सेंटिमीटर जागा, कडेला सव्वातीन-सव्वातीन सेंटिमीटर सोडलं की बरोबर बसतं. सुताराचा पांढरा डिंक वापरा आणि रात्रभर वजन ठेवा. ग्लू-गन झटपट असते म्हणून सगळे तीच उचलतात. पण फळी मुख्य दरवाज्याजवळ लागते, जानेवारीत दार उघडलं की गारठा आत येतो, तो डिंक कडक होऊन सुटतो आणि सकाळी चार टाइल जमिनीवर पडलेल्या असतात. मुलांना ते फार लागतं.

चित्र काय काढायचं? मोकळं सोडलं तर निम्मी मुलं ड्रीमकॅचर, पिसांचा टोप आणि टोटेम पोल काढतील. टोटेम पोल पश्चिम किनाऱ्यावरच्या राष्ट्रांचे, ऑन्टारिओच्या शाळेशी त्यांचा संबंध नाही. पिसांचा टोप हा मान आहे, तो मिळवावा लागतो. नियम सोपा ठेवा: जे वाचलं त्यातलंच काढायचं. रूळ, लापशीचा वाडगा, नदी, नारिंगी शर्ट, रिकामी खाट. मुलांनी स्वतःकडचं काही काढलं तरी चालतं. एखाद्या मराठी मुलीने आजीची गोधडी काढली तर ती योग्यच आहे, कारण ‘माझ्याकडून काय हिरावलं तर मला चालणार नाही’ याचं ते उत्तर आहे. विनिपेगच्या केंद्राच्या स्मृतिनोंदीत आज ४,१०० हून जास्त मुलांची नावं आहेत. त्यातली नावं टाइलवर लिहायची असतील तर त्या समाजाला आधी विचारा. न विचारता लिहू नका, आणि नावांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. त्या नावांमागे आजही घरं आहेत.

ज्येष्ठांची भेट हा सगळ्या उपक्रमाचा कणा, आणि सगळ्यात घाईत होणारा भागही तोच. ऑन्टारिओतल्या शाळा लेबर डेनंतर उघडतात, ३० सप्टेंबरचा ‘ऑरेंज शर्ट डे’ चार आठवड्यांच्या आत येतो, आणि त्या आठवड्यात प्रत्येक शाळेला पाहुणे हवे असतात. आमंत्रण आदल्या मे-जूनमध्ये द्या, शक्यतो स्कूल बोर्डच्या इंडिजिनस एज्युकेशन विभागामार्फत. त्यांना कुणाला, कसं विचारायचं ते माहीत असतं.

विचारण्याची रीत असते. आपल्याकडे लग्नाचं बोलावणं अक्षत देऊन करतात. फोनवर कळवलं की मानपान राहिला असं वाटतं. इथल्या बऱ्याच फर्स्ट नेशन्समध्ये विनंती करताना तंबाखू देतात: सुटी तंबाखू, छोट्या कापडात बांधलेली. ती बोलावतानाच द्यायची; भाषण संपल्यावर भेटवस्तू म्हणून दिली तर अर्थ उलटा होतो. मात्र इन्युइटांची ही परंपरा नाही, आणि मेटी समाजात जागेनुसार फरक पडतो. म्हणून ‘आपल्याकडे काय रीत आहे?’ असं सरळ विचारा. विचारण्यात अनादर नाही. मानधन द्यायचंच, आणि त्याच दिवशी. बोर्डाच्या कार्यालयात नवीन व्यक्तीचे फॉर्म भरून चेक निघायला कित्येक आठवडे जातात, तेव्हा मुख्याध्यापकांशी हे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बोला. प्रवासखर्च वेगळा. ‘मुलांसाठी आहे, फुकट याल ना?’ असं विचारू नका. ज्यांच्याकडून इतकं घेतलं गेलं त्यांच्याकडे आणखी फुकट मागायचं नाही.

व्यवस्था अशी: एका वेळी एकच वर्ग, फार तर दोन. सभागृहात ४०० मुलं बसवून माईकवर बोलायला लावलं की पाहुण्यांचा आवाजही हरवतो आणि मुलांचे डोळेही. खुर्च्या गोलात, पाठ असलेली एक आरामशीर खुर्ची, गरम चहा, पाणी, पार्किंगपासून दारापर्यंत सोबत. पाऊण तास ते तास. रेकॉर्डिंग आणि फोटो परवानगीशिवाय नाहीत. ते सेज किंवा स्वीटग्रास या सुगंधी वनस्पतींचा धूर देणार असतील तर दोन दिवस आधी इमारतीच्या देखभालीच्या माणसांना सांगा, नाहीतर ऐन प्रार्थनेत धुराचा भोंगा वाजतो आणि सगळी शाळा मैदानात येते. दम्याच्या मुलांना दाराजवळ बसवा. धूर घ्यायचा नसेल तर मूल शांत उभं राहू शकतं. तसं त्याला आधी सांगून ठेवा. प्रश्न आदल्या दिवशी वर्गात लिहून घ्या, चाळा. ‘तुम्हाला मारायचे का?’ हा प्रश्न मुलं निरागसपणे विचारतात. तो विचारावा की नाही हे पाहुण्यांनी ठरवायचं.

रोज सकाळी शाळेच्या स्पीकरवरून वाचतात ती भूमीची कृतज्ञता (ही जमीन मूळ कुणाची ते सांगणारा मजकूर) अनेक ठिकाणी सोपस्कार झाली आहे. दुसऱ्या शहराचा मजकूर उचलून वाचतात, तेव्हा तो चुकीचाही असतो. ब्रॅम्प्टनची जमीन १८१८ च्या १९ व्या करारात येते, त्याला अजेटन्स करार म्हणतात. विनिपेग १८७१ च्या पहिल्या करारात (तिथून क्रमांक नव्याने सुरू झाले), कॅलगरी १८७७ च्या सातव्या. व्हँकुव्हर आणि सरेच्या जमिनीवर असा करार झालाच नाही. मिसिसागा शहराला ज्यांचं नाव आहे ते मिसिसागा लोक १८४७ मध्ये क्रेडिट नदीचा काठ सोडून हॅगर्सव्हिलजवळ गेले आणि आजही तिथे आहेत. मुलांना हे कळलं की ‘आपल्या गावाचं नाव ज्यांचं, ते कुठे गेले?’ असा प्रश्न ती स्वतःच विचारतात. दर आठवड्याला एका मुलाने त्या मजकुरात एक वाक्य स्वतः शोधून घालावं: एखादा ओढा, कराराचं वर्ष, आज करणार असलेली एक गोष्ट. चार महिन्यांत मजकूर जिवंत होतो.

उरली कृती. ‘फर्स्ट नेशन्स चाइल्ड अँड फॅमिली केअरिंग सोसायटी’ ही संस्था दर फेब्रुवारीत १४ तारखेच्या आसपास ‘हॅव अ हार्ट डे’ घेते. मुलं पंतप्रधानांना आणि खासदारांना पत्रं लिहितात. मागे शॅनन कूस्टाचिनची गोष्ट आहे. अटावापिस्कॅट या क्री वस्तीतली शाळा डिझेल गळून जमीन दूषित झाल्यामुळे २००० मध्ये बंद झाली. मुलं वर्षानुवर्षं तात्पुरत्या खोल्यांत शिकत होती. २००८ मध्ये आठवीची शॅनन आणि तिचे मित्र ओटावात जाऊन मंत्र्यांना भेटले. २०१० मध्ये, पंधराव्या वर्षी, ती अपघातात गेली. २०१२ मध्ये संसदेने तिच्या नावाचा ठराव एकमताने मंजूर केला आणि २०१४ मध्ये नवी शाळा उघडली. मुलांनी लिहून, बोलून शाळा उभी राहते याचा हा पुरावा आठवीच्या मुलाला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटतो.

पत्र हाताने लिहिलेलं, एका पानाचं. तीन गोष्टी: मी कोण, मी काय शिकलो, माझी एक मागणी. एकच मागणी; पाच लिहिल्या की उत्तर गुळमुळीत येतं. फळ्यावर मजकूर लिहून सगळ्यांना उतरवायला लावू नका, २४ सारखी पत्रं एका पत्राइतकीच मोजली जातात. शुद्धलेखनाच्या लाल खुणा करू नका, मार्क देऊ नका. आकडा वापरला तर त्याची तारीख लिहा, कारण किती वस्त्यांत ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना लागू आहे यासारखे सरकारी आकडे बदलत असतात. संसदेच्या पत्त्यावर खासदारांना पाठवलेल्या पत्राला तिकीट लागत नाही, ही फार उपयोगी गोष्ट पालकांना माहीत नसते. पत्रावर मुलाचं फक्त पहिलं नाव आणि शाळेचा पत्ता. घरचा पत्ता नको. उत्तरं कित्येक महिन्यांनी येतात, कधी वर्ग बदलल्यावर, म्हणून शिक्षकांच्या नावाने मागवा आणि आली की त्या मुलांना शोधून वाचून दाखवा. ‘आम्ही लिहिलं आणि कुणी काही बोललंच नाही’ एवढंच लक्षात राहिलं तर पुढच्या वेळी ती लिहीत नाहीत.

नारिंगी शर्टाबद्दल थोडंच. २०१३ पासून ३० सप्टेंबरला ‘ऑरेंज शर्ट डे’ पाळतात. तारीख तीच का, तर त्या दिवसांत मुलांना घरांतून नेत असत. २०२१ पासून ती केंद्राची सुट्टी आहे. ऑन्टारिओत शाळा चालू असतात, ब्रिटिश कोलंबियात २०२३ पासून बंद, तेव्हा तिथे उपक्रम आदल्या दिवशी ठेवा. शर्ट ऑरेंज शर्ट सोसायटीकडून किंवा मूळ रहिवाशांच्या दुकानातून घ्या आणि ऑगस्टच्या मध्यात मागवा, नंतर लहान मापं संपतात. ऑनलाइन बाजारात त्यांच्याच कलाकारांची चित्रं चोरून छापलेले स्वस्त शर्ट भरपूर असतात. पैसे नसतील तर घरातला कुठलाही नारिंगी कपडा चालतो, किंवा नारिंगी कापडाची फीत. शर्ट नसलेल्या मुलाला कुणी टोकणार नाही याकडे शिक्षकांनी आधी लक्ष द्यावं.

आणि जून. वर्ग आवरताना सामान बाहेर निघतं आणि टाइलची फळीही कचऱ्याच्या ढिगात जाऊ शकते. सप्टेंबरमध्येच एका कागदावर लिहून फळीच्या मागे चिकटवा: ही कुणाच्या ताब्यात आहे, कुठे लागणार आहे, ती काढायची झाल्यास कुणाला विचारायचं. भेटीला आलेल्या ज्येष्ठांनाच विचारलंत तर ते सांगतात. काही जण ती सेंटरला द्या म्हणतात, काही जण शाळेतच ठेवा म्हणतात. त्याच आठवड्यात, रिपोर्ट कार्डांच्या गडबडीत का होईना, पुढच्या सप्टेंबरच्या आमंत्रणासाठी बोर्डाच्या त्या विभागाला ईमेल टाकून द्या.